मुळं बघून नाव लिहायचं नाही

दुपारपासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटून राहिलं, म्हणून तुम्हालाच सांगते.

माझी भाची गौरी इथे जबलपूरला झाडांवर संशोधन करते. आज सदर भागातल्या घरून तिचा जेवणाचा डबा घेऊन लॅबमध्ये गेले, तर पोरगी रडकुंडीला आलेली. दोन पारदर्शक डब्यांत जेलीवर तिने रोपं वाढवली होती. डब्या स्पिरिटने पुसल्या आणि पेनाने लिहिलेली नावंच गेली.

मुळाच्या टोकाला नव्या पेशी बनत राहाव्यात म्हणून झाड स्वतःच प्रथिनाचा एक इवलासा तुकडा तयार करतं. त्याला पेप्टाइड म्हणतात. या रोपांना मात्र जन्मतःच ते बनवता येत नाही. एका डबीत गौरीने ते वरून घातलं होतं, दुसरीत नाही; कुठली कोणती, ते त्या पुसल्या गेलेल्या नावांवरूनच कळायचं.

मी बघितलं. एकीत मुळं खुरटी, दुसरीत लांबसडक. एवढ्याशा तुकड्यात केवढी ताकद.

"अगं, दिसून राहिलं ना. काहून रडतेस? लिही नाव."

"मावशी, पेप्टाइडने मुळं वाढतात का, हेच तर तपासायचं आहे. मुळं बघूनच नाव लिहिलं, तर मी तपासलं काय?"

उद्या हे तिच्या संशोधनाच्या सरांना दाखवायचं होतं. तिने दोन्ही डब्या बाजूला सारल्या, डोळे पुसले, "चलो" म्हणाली आणि नवीन बी पेरायला बसली. जेवणाचा डबा तसाच राहिला.

पेप्टाइडचं कौतुक आहेच, पण पोरीचं जास्त.

खरं सांगा, उत्तर समोर आहे आणि बघणारं कुणी नाही. तुम्ही काय केलं असतं? मी तर नाव लिहून जेवायला बसले असते.