कार्तिकातलं भांड्यांचं व्रत

मानमोडीचा ताप रामघाटावर आला तेव्हा आम्ही सगळी भावंडं पाळीपाळीने आडवी झालो, आणि खरं सांगते, मला त्यात मजा आली. वरच्या मजल्यावरची गंगेकडची खोली, उन्हात तापवलेली गादी, वाटी वाटी गरम पेज, आणि उठायचं नाही! ताप गेल्यावरही आईने पाय खाली टेकू दिला नाही. लवकर उठलं की हा ताप उलटतो, असं वैद्यांनी तिला बजावलं होतं.

आमची भांडी घासणारी महरी घाटाजवळच्या ओलसर खोलीत धाकट्या बहिणीबरोबर राहायची. पुराचा गाळ तिथल्या भिंतींना अजून तसाच होता. दोघी एकदमच पडल्या. ताप उतरला त्याच सकाळी बहीण पलीकडच्या गल्लीत आपल्या कामावर गेली, आणि महरी भिंत धरत धरत आमच्या दारात हजर!

"अगं, मरायचंय का तुला? जा, जाके सो जा!" आई कडाडली.

"बहूजी, हम सूतब त दूसर महरी लग जाई."

"मेरे यहाँ नहीं लगेगी."

"अउर बाकी तीन घर?"

आईने पदर खोचला. आईने पदर खोचला की काहीतरी घडणार, हे आम्हाला पाठ होतं.

"सुन. मेरा कार्तिक का व्रत है. पौर्णिमा तक बर्तनों को दूसरे का हाथ नहीं लगेगा."

असलं व्रत मी जन्मात ऐकलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी पहाटे कार्तिकस्नानाला बायका जमल्या, तिथे ओलं लुगडं पिळता पिळता आईने ते मोठ्याने सांगून टाकलं. वर नियमही जोडले : महरीला रोज घरपोच शिधा द्यायचा, तिचा महिना कापायचा नाही, आणि पौर्णिमेआधी ती कामाला उठली तर सगळं पुण्य तिच्या पदरात!

आमच्या घाटावरच्या मराठी बायकांचा एक वेळ उपास मोडेल, पण शेजारणीने धरलेलं व्रत आपल्याकडे नाही, हे त्यांना खपायचं नाही. दुपारपर्यंत तिन्ही घरांत राख आणि काथ्या निघाला. ज्यांनी कधी पळी विसळली नव्हती त्या पातेली घासत बसल्या. महरी उठत तर नाही ना, हे बघायला आळीपाळीने तिच्या दारात डोकावून यायच्या. पुण्य निसटेल ना! मी उशीत तोंड खुपसून हसले.

एका शेजारणीला मात्र शंका आली. तिने थेट माझ्या वडिलांना गाठलं. ते वेदपाठशाळेत शिकवायचे, खोटं म्हणून कधी बोलले नव्हते. "हे व्रत कोणत्या ग्रंथात हो?" आईची नजर चुकवून जिन्यात बसून ऐकताना माझा जीव नुसता टांगणीला. वडिलांनी आईकडे पाहिलं. आई मान खाली घालून तवा खरवडत होती, नको तितका जोर लावून.

"लोकाचार आहे," वडील म्हणाले आणि लगेच सायंसंध्येला बसले. दुपारी!

महरी वाचली. पौर्णिमा उलटली तशी ती ताठ चालत आली. तिला जिन्यावर बघून मी टाळ्या पिटल्या. मग तिचा चेहरा दिसला, आणि हात खाली आले. तिच्या बहिणीचा ताप चारच दिवसांत उलटला होता; मी अंथरुणात, म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला मणिकर्णिकेच्या मसणात नेलं तेव्हाही महरीला धड चालवत नव्हतं.

तिने आमची पातेली एकेक करून उपडी पाहिली. बुडं सगळी काळीच राहिली होती. राख घेऊन ती खाली बसली, घासायला लागली, आणि मान वर न करता तिने विचारलं,

"बहूजी, ई बरत ओ गली में काहे नाहीं रहल?"

आई तिच्याशेजारी बसली आणि दुसरं पातेलं पुढे ओढून घासू लागली.