बूथचं दार

हॅम्बर्गला शिकत असताना मी दर रविवारी स्टेशनजवळच्या फोनच्या दुकानातून आईशी बोलायचो. तिथं गांबियाचा एक तरुण यायचा. बूथचं दार तो पायानं अडवून उघडं ठेवी. “दार लावलं की समुद्र ओलांडून आलो त्या होडीचा तळ आठवतो,” असं एकदा हसत म्हणाला होता.

त्या रविवारी तो लगेच बाहेर आला.

“धाकटा भाऊ होडीनं निघतोय. येऊ नकोस, इथं हाल आहेत म्हटलं. तर म्हणाला, ‘मग तू परत का येत नाहीस?’”

“मग?”

“आवाज येत नाही म्हणालो आणि फोन ठेवला.”

“होडीतलं त्याला कधी सांगितलंयस?” मी चाचरत विचारलं.

“आईला कळेल ना!”

माझी पाळी होती. “आधी तू फोन कर,” एवढंच मी म्हटलं.

तो पुन्हा आत गेला आणि पहिल्यांदाच त्यानं दार लावून घेतलं.