गोळीत दोष नव्हता

औषधांच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘विरघळ्या’ म्हणत. सहा काचेची भांडी, अंगाइतकं कोमट पाणी, प्रत्येकात एक गोळी आणि संथ फिरणारं पातं. दर पंधरा मिनिटांनी चमचाभर पाणी काढून गोळी किती विरघळली ते मोजायचं. बावीस वर्षं हेच. काही गोळ्या मुलखाच्या हट्टी. दगडाला पाझर फुटेल, पण त्या तळाशी बसून राहत.

घरी त्याची ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, त्यात तिचं लग्नाचं वय निघून गेलं. आता तिच्या दुखण्यावर एकच गोळी होती आणि तीही अशीच हट्टी. पोटात लोण्या-तेलाचं जेवण असेल तरच विरघळणारी. म्हणून तो सकाळी भरपूर लोणी घालून ताट वाढून ठेवी, शेजारी गोळी, आणि कामावर जाई. संध्याकाळी ताट लख्ख घासलेलं असे.

तरी ताई खंगत गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात औषध जवळजवळ नाहीच. नीट घेतात ना? त्याला ते झोंबलं. ताई आणि हयगय? गोळीच खोटी असणार. मग या पठ्ठ्याने डबीतल्या गोळ्या प्रयोगशाळेत नेल्या. साध्या पाण्यात त्या ढिम्म हलेनात, म्हणून जेवलेल्या पोटात असतं तसं स्निग्ध पाणी बनवलं. त्याचं प्रमाण जमायला तीन आठवडे गेले. शेवटी सहाही भांड्यांचे तळ मोकळे झाले.

आलेख घेऊन तो घरी आला आणि गोळी उत्तम असल्याचं ताईला दोनदा सांगितलं.

“तुझ्या भांड्यांना तू जेवायला घातलंस रे,” ताई म्हणाली. “मला दोन महिने घास उतरत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेते.”

“मग ताट?”

“टाकते आणि घासून ठेवते. तू एवढ्या मायेनं वाढतोस, कसं सांगू?”

जन्मभर भांड्यांचे तळ बघणाऱ्या या शहाण्याने कचऱ्याच्या डब्यात एकदाही डोकावलं नव्हतं. तो तिथेच बसून रडला.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. तीन आठवड्यांपूर्वी कळलं असतं, तर नळीने अन्न देता आलं असतं, म्हणाल्या. आता शरीर ते सोसणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. चमच्यात लोणी कालवलेला घास घेऊन ताईजवळ बसला. त्याच्यासाठी तिने तोंड उघडलं. घास उतरला नाही.