नसीमभाभींनी केक कुणासाठी केला होता?

फोन आला तेव्हा मी इंदापुरात छापखान्यात उभी होते आणि पत्रकातल्या उद्गारचिन्हांवरून भांडत होते. छापखानेवाल्याचं म्हणणं, मथळ्याला एक पुरे. माझं म्हणणं, तीन पाहिजेत. ‘आम्हाला चुरा नको, हक्क हवा!!!’ आणि खाली ठळक अक्षरात : सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर या, पहिलं भाषण नसीमभाभी. फोन सुरेखाचा होता. पॅकिंगच्या पट्ट्यावर भाभींच्या शेजारी उभी राहते ती. म्हणाली, “ताई, भाभी गेल्या. सकाळी पाणी भरताना छातीत कळ आली आन्‌ खालीच बसल्या. इंदापूरला आणताना गाडीतच...” मी म्हटलं, “असं कसं? उद्या गेट आहे.” हेच माझ्या तोंडून निघालं. जसं काही भाभींनी तारीख चुकवली होती.

आता काही आठवडे उलटलेत. मी पत्रकं लिहिणारी बाई. पत्रकाला एक दोषी लागतो, मागण्या लागतात आणि शेवटी ‘अन्यथा’ लागतो. भाभींबद्दल लिहायला बसले की यातलं काहीच हाताला लागत नाही. तरी लिहिते.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत बिस्किटांचा एक कारखाना आहे. नाव घेत नाही, घेतलं तर संपादक कात्री लावतील. तिथं पॅकिंगला सगळ्या बायाच. पाळीभर उभ्यानं काम. बसायला स्टूल द्या, एवढी साधी मागणी कितीदा लिहून दिली. कंपनीच्या वर्धापनदिनाला साहेबांनी बायांना रांगेत उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि हातात एकेक पिशवी दिली. पिशवीत मसाला बिस्किटांचे तुकडे. सुंठ, दालचिनी, लवंग घातलेली, चहाबरोबर खायची ती बिस्किटं पट्ट्यावरून उतरताना मोडतात, ती दुकानात जात नाहीत. ती आमच्या बायांना भेट! पाय सुजले त्यांचे आणि मोडकी बिस्किटं घ्या त्यांनीच! मी त्याच संध्याकाळी बैठक बोलावली. ठरलं की सोमवारी प्रत्येकीनं आपली पिशवी आणायची आणि गेटसमोर ओतायची. हात वर करून ठराव झाला. भाभींनी हात वर केला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. सुरेखा म्हणते, त्या डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या.

अंथुर्ण्यात मी भाभींच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. त्यांचे यजमान रफिकभाई खाली किराणा दुकान चालवतात. मी आले त्या पहिल्याच आठवड्यात भाभींनी माझं नाव पाडलं, पुढारीणबाई. “काय पुढारीणबाई, जेवलीस का, का नुस्तीच घोषना दिल्या?” असं जिन्याखालून ओरडायच्या. मी त्यांना शोषण म्हणजे काय ते समजावून सांगायची. त्या मेथी निवडत ऐकायच्या, मध्येच म्हणायच्या, “बरोबर हाय तुजं. ती जुडी दे हिकडं.” त्यांना ते पटायचं का नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही.

केकची भानगड त्याआधीच त्यांच्या लेकीनं आणली होती. सना बारामतीत कॉलेजला आहे, होस्टेलवर राहते. सुट्टीला आली तेव्हा मोबाईलवर चीजकेकचा व्हिडिओ घेऊन आली. ओव्हन लागत नाही, भाजायचं नाही, खाली बिस्किटांचा चुरा आणि वर चीज, फ्रीजमध्ये ठेवलं की झालं. भाभी हरखल्या. पण ते चीज बारामतीच्या मॉलमध्ये जाऊन बघून आल्या आणि डबी परत फळीवर ठेवली. म्हणाल्या, “चक्काच हाय की गं ह्यो. आंबट, घट्ट, पांढरा. आपल्याकडं दुधाला काय तोटा हाय?” झालं. दही फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगलं. दुकानातले पुडे फोडून बिस्किटं लाटण्यानं कुटली. लोणी पातळ करायचं तर भाभींनी वाटी सरळ पत्र्यावर उन्हात ठेवली, आमच्याकडचं ऊन गॅसपेक्षा वेगानं काम करतं. चुरा आणि लोणी कालवून ताटात थापलं. भोवती रफिकभाईंच्या दुकानातल्या तेलाच्या डब्याचं कापलेलं कडं. तिथवर सगळं व्हिडिओबरहुकूम.

पुढं चक्का आला आणि आम्ही दोघी आपापल्या सवयीवर गेलो. चक्का समोर दिसला की महाराष्ट्रात जन्मलेल्या बाईचा हात काय करणार? साखर घालून झाकून ठेवणार. माझी आई तेच करते, भाभींनाही तेच ठाऊक. सना ओरडत होती, “अम्मी, व्हिडिओत असं नाही! साखर शेवटी घालायची, लगेच थापायचं!” मी तिला गप्प केलं, “मुरल्याशिवाय गोडी येत नाही.” भाभी म्हणाल्या, “पुढारीणबाई बोलल्या म्हंजी ठराव झाला.” रात्रभर साखर मुरली, चक्क्यानं पाणी सोडलं, आणि सकाळी फ्रीजमधून निघालं ते ताटभर श्रीखंड, खाली बिस्किटांचा चिखल. कडं उचललं तसं सगळं ओट्यावर वाहिलं. भाभी ओट्याला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. वाट्यांत भरून आम्ही ते चमच्यानं खाल्लं. रफिकभाईंनी दुसऱ्यांदा मागितलं, नाव काय म्हणून विचारलं. भाभी म्हणाल्या, “याला ठराव म्हनत्यात.”

गेटच्या तयारीच्या त्या आठवड्यात मी इंदापुरातच मैत्रिणीकडं मुक्काम ठोकून होते. त्यामुळं शनिवारी घरात काय झालं ते मला ठाऊक नाही. रविवारी मी पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती. दुपारनंतर दफन झालं. भाभींच्या सासूबाई, ज्यांना सगळी आळी बडीअम्मा म्हणते, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आल्यागेल्याला एकच सांगत होत्या, “मी हाय, आन्‌ ती न्हाय... ही कुठली रीत?” दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी गाठलं होतं. कामाचा ताण, उभं राहणं, उकाडा, काहीतरी लिहून द्या म्हटलं. ते म्हणाले, हृदयाचं जुनं दुखणं होतं, त्यांना माहीत होतं, गोळ्याही चालू होत्या. मला माहीत नव्हतं. एका घरात राहून, रोज जिन्यात भेटून, मला माहीत नव्हतं.

सोमवारचं गेट अर्थातच रद्द केलं. मंगळवारी पॅकिंगच्या बाया घरी भेटायला आल्या. मयताच्या घरात तीन दिवस गॅस पेटवायचा नाही, ही तिथली रीत. शेजारपाजारचे, नात्यातले डबे आणतात. आमच्या गावाकडंही तसंच असतं, त्यामुळं मला त्यात काही नवं वाटलं नाही. बायांना पाणी द्यायला सनानं फ्रीज उघडला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “ताई, इकडं या.” खालच्या कप्प्यात मोठं ताट होतं, त्यावर तेलाच्या डब्याचं कडं, वर झाकलेलं फडकं. फडकं काढलं. पांढराशुभ्र, सपाट, वर सुंठेची पूड भुरभुरलेली. सनानं कडं उचललं, आणि तो उभा राहिला. जराही ढळला नाही. या खेपेला साखर मुरवली नव्हती.

ओट्याखाली बिस्किटांची पिशवी होती. रिकामी, नीट घडी घातलेली. सोमवारी गेटवर ओतायची ती.

रफिकभाई म्हणाले, “ठेव आत. मयताच्या घरात केक?” तेव्हा बडीअम्मा भिंतीपासून उठल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदाच उठल्या. म्हणाल्या, “गॅस पेटवायचा न्हाय म्हनत्यात ना? ह्याला कुठं जाळ लागलाय? लोनी बी तिनं पत्र्यावर उन्हात ठेवलं, मी बघत हुते. तिच्या हातचं ह्या घरात येवढंच राहिलंय. वाढा.” सनानं सुरी घेतली. आणि भर मयताच्या घरात, डोक्यावरचे पदर सावरत, आम्ही सगळ्यांनी केक खाल्ला. थंड, आंबूस, आणि मागून जिभेला लवंग. चांगला झाला होता. तो चांगला झाला होता याचाच मला इतका राग आला...

पहिल्यांदा मंगलताईनं तोंड उघडलं. ती पॅकिंगमधली सगळ्यांत जुनी. “भाभीनं आपल्यासाठी केला हुता. गेटवर वाटायला. बघा की केवढा हाय! घरच्या चार मानसांना लागतो व्हय एवढा?” सुरेखा म्हणाली, “काय सांगती? सोमवारी सुपरवायझर बाईंच्या पोरीचा वाढदिवस हुता. भाभीनं मागल्या वर्षी तिला शीरखुर्मा न्हाय का नेला?” “म्हंजी ती फुटली म्हन!” “फुटली म्हनत न्हाय मी, केक नेत हुती म्हनते!” “गेटच्या दिवशी? त्याच बिस्किटांचा?” रफिकभाई चाचरत म्हणाले, कोऱ्हाळ्याहून त्यांची बहीण यायची होती, तिच्यासाठी असेल. सना म्हणाली, “सोमवारी मी येणार होते ना.” आणि रडायला लागली. मी बडीअम्मांना विचारलं, तुम्ही समोर होता, तुम्ही नाही विचारलंत? त्या म्हणाल्या, “म्या कशाला इचारू? सून कायतरी करती म्हनल्यावर सासूनं वाट्या धुवाव्या नि गप बसावं.” एवढ्या दुःखात दोघीतिघी हसल्या. मग आपण हसलो म्हणून गप्प झाल्या.

त्या दिवसापासून मी त्याच एका प्रश्नावर अडकलेय. पिशवी कुटली म्हणजे त्या गेटवर येणार नव्हत्या? की पिशवी ओतण्यापेक्षा तिचा असा केक करून साहेबांच्या टेबलावर ठेवणार होत्या? ते डोकं त्यांचं होतं, त्यांच्याकडून काहीही झालं असतं. की त्यांना माझं सगळं आंदोलनच, मेथी निवडता निवडता ऐकायचं, तेवढंच वाटत होतं? भाभी आमच्यात होत्या की नव्हत्या? मला कुणी सांगत नाही. सांगणार कोण...

प्रश्न नुसता मनातला असता तर निभलं असतं. पण गेट पुन्हा ठरवायचं होतं आणि पत्रक नव्यानं छापायचं होतं. संघटनेचं काम बघणारे भानुदासराव म्हणाले, “नाव राहू दे. फोटो टाक. खाली लिही, कंपनीच्या छळाचा बळी. बाया नाही आल्या तर मला विचार.” मी लिहिलंसुद्धा. मला ते लिहायला जमतं, अर्ध्या तासात लिहिलं, आणि छापायला देण्याआधी रफिकभाईंना दुकानात जाऊन वाचून दाखवलं. ते साखरेची पुडी बांधत होते. ऐकत राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, “नाव काढा म्हनत न्हाय मी, ताई. टाका बी म्हनत न्हाय. ती तुमच्याबरोबर येनार हुती का, मला म्हाईत न्हाय. येकवीस-बावीस वर्सं एका घरात काढली, तरी म्हाईत न्हाय. तुमाला म्हाईत हाय का?”

मी नाही म्हटलं.

“मग?”

मग काय? मी कागद घेऊन वर आले. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मी आजवर कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही, कुणी छापतही नाही. स्टूल मिळालं पाहिजे, हे मला माहीत आहे. मोडकी बिस्किटं भेट म्हणून देणं हा अपमान आहे, हे माहीत आहे. त्यावर मी आजही कुणाशीही भांडेन. पण एका बाईच्या मनात काय होतं हे ठाऊक नसताना तिचं तोंड आपल्या घोषणेला लावायचं, हे साहेबांनी रांगेत उभं करून टाळ्या वाजवण्यापेक्षा फार वेगळं आहे का? हेही मला नीट माहीत नाही. मी नाव काढलं. फोटो काढला. भानुदासराव संतापले, “पुढारी होणार तू? होशील!” मंगलताई माझ्याशी बोलेनाशी झाली. तिच्या मते मी भाभींना दुसऱ्यांदा मारलं. सुरेखा बोलते, पण तिला वाटतं की नाव काढून मी तिचंच म्हणणं मान्य केलं, आणि ते तसं नाही हे मला तिला समजावता येत नाही. गेट झालं. बाया निम्म्याच आल्या. पिशव्या ओतल्या. साहेबांनी आतून निरोप धाडला, विचार करू. रस्त्यावर पडलेला तो चुरा कुत्र्यांनी खाल्ला, आणि पहिल्यांदाच मला पिशव्या ओतताना वाईट वाटलं.

गेल्या रविवारी सना बारामतीहून आली. थेट वर माझ्या खोलीत. हातात चक्क्याची पुरचुंडी आणि बिस्किटांचा पुडा, दुकानातला, न मोडलेला. म्हणाली, “ताई, अम्मीनं दुसऱ्या वेळी एकटीनं केला, मला दाखवला नाही. आपण करून बघू.” खाली त्यांच्या स्वयंपाकघरात गेलो. बडीअम्मा दारात पाट टाकून बसल्या. सना कुटत होती, मी लोणी उन्हात ठेवून आले. तिनं साखर शेवटी घातली, हलक्या हातानं ढवळली, थापून झाल्यावर ताटाची कड दोन्ही हातांनी धरून ओट्यावर हळूच आपटली. मग ताट फ्रीजमध्ये सरकवलं, दार लावलं, आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली, जसं काही आतलं कुणी पळून जाणार होतं. भाभी कुकरची शिट्टी होईतो तशाच उभ्या राहायच्या, एक पाय दुसऱ्यावर ठेवून. बडीअम्मांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

माझी जीभ काही गप्प बसत नाही. मी विचारलं, “सना, कुणासाठी केलास गं हा?”

ती माझ्याकडं बघतच राहिली. असा काही प्रश्न असू शकतो हे तिच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

“आधी घट्ट तर होऊ द्या, ताई,” ती म्हणाली. “कुणाला द्यायचा ते मग बघू.”