मेंढरांचा टायम

वडूजच्या रस्त्यावर सायकल शर्यतीचा पहिला दिवस होता. शर्यत घड्याळाशी, म्हणून दर मिनिटाला एकच सायकलवाला सोडत होते. मी आपला हौसेनं प्रत्येकाचा वेळ वहीत टिपत होतो. शेजारी एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. पाणी रस्त्यापलीकडच्या ओढ्यात, आणि हवालदार मेंढरं सोडायला तयार नाही.

त्यानं चार सायकली जाऊ दिल्या. मग मला म्हणाला, "मिनिटाला एकच येतोय न्हवं? तेवढ्यात माजी निम्मी जात्यात."

पाचवा गेला आणि त्यानं तोंडानं 'टर्र्र' केलं. हवालदारानं शिट्टी तोंडात घालेपर्यंत निम्मा कळप पलीकडे. सहावा सुसाट गेला, त्याच्यामागून उरलेली मेंढरं. एक लंगडं कोकरू तेवढं राहिलं. ते खांद्यावर टाकून म्हातारा असा पळाला, की एवढ्या टाळ्या एकाही सायकलवाल्याला पडल्या नव्हत्या.

पलीकडून धापा टाकत तो ओरडला, "आवं पावणं, आमाला किती टायम लागला?"

मी वहीकडे बघितलं. टाळ्या वाजवायच्या नादात घड्याळ बघायचंच राहिलं होतं.