मोटर जळली

आमच्या शेंदूरजनाघाटात मोटर या शब्दाला एकच अर्थ आहे. मोटर म्हणजे विहिरीतली. चारचाकीला आम्ही गाडी म्हणतो, दुचाकीलाही गाडीच म्हणतो, आणि कुणी ‘मोटर जळली’ म्हटलं की ऐकणारा हातातला घास खाली ठेवतो. उन्हाळ्यात तर विचारूच नका. आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झालेली असतात आणि पाणी चुकलं की झाडाखाली त्यांचा सडा पडतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ याच शब्दाचा आहे. तो मला अजूनही धड उलगडलेला नाही.

पुंजाजी माझा शेजारी. गावात भिंतीला भिंत, शेतात धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध. बागाईतदार म्हणून पक्का, माणूस म्हणून सरळ, पण एक खोड अशी की हातात पाना आला की समोरची वस्तू आवळल्याशिवाय सोडायची नाही. ढिलं म्हणजे वाईट, हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. त्याच्या अंगणातला नळ त्याच्या बायकोला, सत्यभामावहिनींना, कधी उघडता आला नाही, इतका तो पिळून ठेवायचा. पाणी पाहिजे असलं की त्या भिंतीवरून मला हाक मारायच्या. पोराच्या बाबतीतही त्यानं हेच केलं, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

पोरगा एकच, जीवन. अकोल्याला एमआयडीसीत एका कारखान्यात नोकरीला. त्याला रिमोटच्या गाड्यांचा नाद. गाडी म्हणजे हातभर लांबीचा ट्रक, जाडजूड टायरांचा, मातीत पळवायचा. रविवारी अकोल्याच्या एका मोकळ्या मैदानावर त्याच्यासारखे आणखी काही जण जमतात आणि शर्यत लावतात. जीवनच्या ट्रकची मागची दोनच चाकं ओढायची, पुढची नुसती वळायची. दोन चाकं फुकटच कशाला ठेवली, असं मी एकदा त्याला विचारलं होतं. त्यानं बराच वेळ समजावून सांगितलं. मी मान हलवली आणि घरी आलो.

गेल्या पोळ्याला जीवन तो ट्रक घेऊन घरी आला होता. पुरणाचं जेवण झालं, पाहुणे ओसरीवर टेकले, आणि कुणीतरी ट्रकबद्दल विचारलं. पोरगा खुलला. म्हणाला, आत्ता हा धीमा आहे, पण यात मोठी मोटर बसवणार, आतले प्लास्टिकचे गिअर काढून लोखंडी टाकणार. तेवढ्यात पुंजाजी सगळ्यांसमोर बोलला, “तीस वर्साचा घोडा झाला अन् पोरायच्या गाडीनं खेळते. हिरीतली मोटर कधी काढून पाह्यली काय?”

पाहुणे हसले. मीही हसलो असेन. जीवननं ट्रक माळ्यावर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेला. दिवाळीला आला नाही, संक्रांतीला आला नाही. फोन करायचा तो फक्त आईला. पुंजाजीनं फोन हातात घेतला की तिकडून ‘मंग बोलतो’ एवढं यायचं आणि फोन बंद व्हायचा. वहिनी दिवसेंदिवस सुकत चालल्या होत्या. त्यांना एकच भीती होती की हे पोरगं आता या दारात परत येतच नाही. पुंजाजी मात्र काही झालंच नाही असा वागायचा आणि घरात उरलंसुरलं होतं तेही आवळत सुटायचा.

अक्षय तृतीयेच्या आधी घर झाडायला काढलं, तेव्हा तो ट्रक खाली आला. दुसऱ्या दिवशी पुंजाजी तो काखेत मारून माझ्याकडे आला आणि म्हणाला, अमरावतीला चल, याची मोटर बदलायची आहे. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, धीमा आहे. मी म्हटलं, बाबा रे, तुला कोणती शर्यत मारायची आहे? त्यावर तो चपला घालून दारात उभा राहिला. या माणसाला उन्हाची बाधा झाली की काय, हेच मला कळेना. वहिनींकडे पाहिलं, तर त्या तांदूळ निवडत होत्या आणि वर बघायला तयार नव्हत्या.

राजकमल चौकाच्या मागच्या एका गल्लीत ड्रोन आणि रिमोटच्या गाड्यांचं दुकान निघालं. दुकान चालवणारी गीतांजली नावाची पस्तिशीची बाई होती, बोलायला गोड. तिनं ट्रक उलटा केला, आतलं पाहिलं आणि एक चिमुकली मोटर पुढ्यात ठेवली. म्हणाली, ही ब्रशलेस आहे. पुंजाजी म्हणाला, ब्रश नसला तरी चालन, घरी आहे. तिला हसू आवरेना. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. आमच्या घरीही ब्रश आहे.

मग त्या मोटरीच्या तीन वायरी पाहून पुंजाजीचा चेहरा उजळला. त्याच्या ट्रकातल्या जुन्या मोटरीला दोनच होत्या. “थ्री फेज आहे,” तो मला म्हणाला, “मंग स्टार्टर बी बदला लागन.” आणि खरंच तिनं मोटरीसोबत वेग सांभाळणारी एक डबी दिली, तीही बदलावीच लागते म्हणाली. त्यानंतर पुंजाजीला वाटायला लागलं की हा धंदा आपल्याला येतो. खरं बिघडलं ते इथं.

गीतांजलीबाईनं पुढचं फार नीट सांगितलं, याला मी साक्षी आहे. मोटरीत जोर वाढला की तो जोर पुढे चाकापर्यंत नेणारं सगळंच मजबूत लागतं, म्हणून लोखंडी गिअर दिले. मोटरीच्या दांड्यावर जे इवलंसं दातेरी चाक बसतं, ते पिनियन, ते लहानच ठेवा म्हणाली. मोठं लावलं तर मोटर तापते. आणि शेवटी म्हणाली, “आणि काका, स्लिपर जरा सैलच ठेवा.”

पुंजाजीनं आपल्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याच्या चपला होत्या तशाच होत्या.

मग तिनं बोट लावून दाखवलं. मोठ्या गिअरला दाबून धरणारी एक चकती असते, तिला म्हणे स्लिपर म्हणतात. चाक अडकलं किंवा एकदम झटका बसला की ती थोडी घसरते आणि बाकीचं वाचतं. पुंजाजीनं डॉक्टरसमोर हलवतात तशी मान हलवली. पिनियन त्यानं लहान घेतलं आणि मोठंही घेतलं, असू द्या म्हणाला. परतीच्या एसटीत वरूड आल्यावर त्यानं मला विचारलं, सैल ठेवून जगात कोणतं काम झालं आहे, एक सांग. मला एकही आठवलं नाही.

गिअर बसवायला त्यानं बरेच दिवस घेतले. ओसरीवर जुनं धोतर पसरून त्यावर एकेक स्क्रू मांडायचा आणि कोणता कुठला होता ते विसरायचा. मला बोलावून विचारायचा, जसं काही मला आईच्या पोटातून माहीत होतं. वैतागून मी विचारलं, जीवनला फोन का करत नाहीस? तर म्हणाला, “त्याले विचारलं तं मंग मी काय केलं?” मी पुन्हा बुचकळ्यात. तुला काय करायचं आहे, हेच तर मी इतके दिवस विचारत होतो.

शेवटी त्यानं मोठंच पिनियन बसवलं. पिठाच्या गिरणीत मोटरीची पुली मोठी केली की जातं जोरात फिरतं, हे त्यानं पाहिलेलं होतं. आणि ती स्लिपर की काय, तिचा नट असा आवळला की पाना वाकायचा राहिला.

बागेत दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात ट्रक ठेवला. पुंजाजीनं रिमोटचा घोडा ओढला आणि ट्रक मागच्या पायांवर उभा राहून उताणा पडला. सरळ केला, परत उताणा. तिसऱ्यांदा त्यानं हळू बोट लावलं आणि ट्रक सुटला. काय सुटला, बापा. मला बाजूला उडी मारावी लागली. पुंजाजी हसत होता, अगदी खदखदून, आणि पोळ्यापासून मी त्याला हसताना पाहिलंच नव्हतं. मग ट्रक वखरलेल्या काळ्या ढेकळांत घुसला, मागची चाकं अडकली, आणि हा ओढतच राहिला. चाकं हलेनात, मोटर कण्हायला लागली, धूर निघाला आणि तो वास आला. जळलेल्या मोटरीचा वास आमच्याकडे झोपेतही ओळखू येतो. मोटर केवढीही असो, वास तोच.

पुंजाजी धुऱ्यावर बसला. “मोटर जळली, रामराव,” एवढंच म्हणाला. दुपारी तो जेवला नाही. ताट तसंच परत गेलं. मी भिंतीच्या अलीकडे होतो, तेव्हा वहिनींचा फोनवरचा आवाज कानावर आला. “जीवन, मोटर जळली रे बाप्पा. तुये बाबा जेवले नाईत.” बस, फोन ठेवून दिला.

अंगणातलं बोलणं गल्लीनंही ऐकलं. संध्याकाळपर्यंत पुंजाजीच्या ओसरीवर माणसं जमली. एक जण म्हणाला, माझ्या विहिरीवरून पाइप टाक आणि बाग जगव. दुसऱ्यानं वाइंडिंगवाल्या मिस्त्रीला निरोपही धाडला. एका म्हाताऱ्यानं तर याच्या पाठीवरून हात फिरवला. पुंजाजी प्रत्येकाकडे टकमका पाहत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, हे लोक काहून येऊन राहिले? खेळण्यातली मोटर जळली हे चारचौघांत सांगायची त्याला लाज, आणि मला ते सांगताना हसू फुटलं असतं, म्हणून आम्ही दोघंही ‘पाहू’ म्हणत बसलो. सगळ्यांना चहा झाला. वहिनी चहा देत होत्या आणि त्याही काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत एक छोटा मालवाहू टेम्पो आमच्या धुऱ्याशी येऊन थांबला. जीवन उतरला. मागे दोरखंडानं बांधलेली पंपाची मोटर होती, अकोल्याच्या कुण्या मित्राच्या शेतातून मागून आणलेली. डोळे तांबारलेले. घरी न जाता तो तडक विहिरीवर गेला, मी मागोमाग. विहिरीवर पाणी धो धो पडत होतं आणि दांडानं झाडांकडे चाललं होतं. जीवन त्या पाण्याकडे पाहतच राहिला. स्टार्टर बंद करून पाहिला, परत चालू केला. पाणी परत आलं. मी काही सांगणार तेवढ्यात समोरून पुंजाजी आला, काखेत ट्रक घेऊन.

“बाबा, मोटर तं चालू आहे,” जीवन म्हणाला.

“हे नाही,” पुंजाजीनं ट्रक पुढे केला. “हे जळली.”

आता पोरगा चिडणार, टेम्पोत बसणार आणि या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही, अशी माझी खात्री झाली. मी असतो तर हेच केलं असतं. जीवननं ट्रक घेतला, उलटा केला, आत डोकावला. नवी मोटर पाहिली, लोखंडी गिअर पाहिले. हे कुणी बसवलं म्हणून विचारलं. पुंजाजी जमिनीकडे पाहत म्हणाला, “मीनंच. तू पोयाच्या सणाले म्हनला होता, मोठी मोटर टाकतो म्हनून. म्हनलं, आलास तं तयार असावं.”

कुठे आणि कधी येणार होता तो? कुणी बोलावलं होतं त्याला? एवढे दिवस जे मला समजत नव्हतं ते असं उभ्या उभ्या समजलं. जीवन खाली मान घालून स्लिपरचा नट बोटानं फिरवून पाहत होता. तो फिरत नव्हता. म्हणाला, “एवढं काहून आवळलं बाबा? हे सैल ठेवा लागते.”

“मले सैल ठेवता येत नाही रे,” पुंजाजी म्हणाला.

जीवन तिथंच दांडाच्या कडेला बसला आणि पाना मागितला. पाना अर्थात पुंजाजीच्या खिशात होताच. ट्रकला त्या दिवशी काही होणार नव्हतं, मोटरच जळलेली होती, पण दोघं वाकून त्यात काहीतरी करत राहिले. टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला. मीच त्याला घरी नेऊन चहा पाजला.

जीवन तेव्हा चार दिवस राहिला. आता महिन्यातून एकदा तरी येतो, आणि ट्रक म्हणे शर्यतीत शेवटून दुसरा आला. यात आनंद कशाचा, हे मला पुंजाजीनं दोनदा सांगितलं आणि दोनदा कळलं नाही.

मला खरी रुखरुख दुसऱ्याच गोष्टीची होती. परवा वहिनी अंगणात नळाशी घागर भरत होत्या. मी भिंतीवरून विचारलंच, की वहिनी, त्या दिवशी फोनवर तुम्ही चुकून तसं बोललात की मुद्दाम? कोणती मोटर जळली ते का नाही सांगितलं?

त्यांनी घागर भरू दिली, दोन बोटांनी नळ बंद केला आणि पदर सारखा केला.

“जे जळली होती तेच सांगतली,” त्या म्हणाल्या. “कोनती, हे त्यानं इचारलंच नाही भाऊजी. निंघाला.”