डॅशबोर्ड कापायचा की नाही

अकोल्याची मे महिन्यातली दुपार. टिनाच्या शेडमध्ये जुना पिकअप उभा आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या मंदाबाईंना झापड येते आहे. नासीर मिस्त्री जेवायला गेलाय. साठ वर्षांच्या या गाडीत एसी बसवायचाच, असं बाईंनी मनावर घेतलंय. कॉम्प्रेसर इंजिनाशेजारी बसला, आता आतली गार हवेची पेटी तेवढी उरली. "डॅशबोर्ड कापून बसवू, की खाली लटकवू? येतो तोवर ठरवा, काकू," असं सांगून तो गेला. कापला की गाडीचं मूळ रूप गेलं, कायमचं. बाईंच्या तोंडून 'काप' काही निघत नाही. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं, तरी जीभ अजून त्याच्याच धाकात!

पापण्या मिटतात. दार वाजतं.

"सरक," दिगंबरराव म्हणतात, आणि बाई मुकाट डावीकडे सरकतात. मेलेल्या माणसाला नाही म्हणायचंसुद्धा सुचत नाही, इतकी सवय. स्टिअरिंग त्यांच्या हातात जातं.

"डॅशबोर्ड कापून राहिली का तू?"

"अजून नाही कापला."

"ओरिजनल आहे तो. कंपनीनं दिलं नाही ते लावायचं नाही. किती वेळा सांगितलं तुले?"

शेड नाही. अमरावतीहून परतीचा रस्ता, जुन्या गाड्यांचा मेळावा आटोपून. मागच्या मे महिन्यातला तोच रस्ता. काचा वर, कारण कंपनीच्या सीटवर धूळ बसते ना! आत नुसती भट्टी. डॅशबोर्ड तडकू नये म्हणून त्यावर ओलं फडकं पसरलंय. माणसांच्या डोक्यावर काही नाही.

"अहो, काच खाली घेऊ द्या. जीव चाललाय."

"थांब जरा. बोरगाव गेलं की धूळ नाही."

बोरगाव येत नाही. तेव्हाही ते यायच्या आधीच दिगंबररावांची मान स्टिअरिंगवर पडली होती आणि गाडी रस्त्याकडेच्या बाभळींत जाऊन थांबली होती. उन्हाचा झटका, डॉक्टर म्हणाले. लोक म्हणाले, गाडीवर फार जीव होता हो त्यांचा. होता ना. आणि शेजारी कोण बसलंय, त्याचं काय?

रस्ता सरळ स्वयंपाकघरात शिरतो. गिअरच्या जागी गॅसची शेगडी पेटलीय, बाई सीटवर बसून पोळ्या लाटतायत, घाम डोळ्यांत उतरतोय. दिगंबरराव डॅशबोर्डवरून फडकं फिरवतायत.

"तुम्हाला काय झालं, ठाऊक आहे का?"

"काय झालं?"

"गेलात तुम्ही. काचा लावून गेलात. मलाही नेत होतात सोबत."

ते खिशातून खडू काढतात. बाईंचं लाटणं थांबतं. आता म्हणतील. 'चुकलं माझं, मंदे,' एवढंच म्हणाले तरी पुरे. मग एसी नको की काही नको, गाडी जशीच्या तशी ठेवीन, दसऱ्याला हार घालीन, असं बाई मनात म्हणून बसल्यात.

दिगंबरराव डॅशबोर्डखाली वाकतात. वीत लावून मोजतात. मग बाईंच्या गुडघ्यावर, पातळावरच, खडूनं आडवी रेघ ओढतात.

"पेटी इथवर येईल. खाली लटकव. तुह्या गुडघ्याले लागंल थोडंसं, पण डॅशबोर्ड वाचते."

"आणि मी?"

"तुले काय होते? तिरपी बसत जा."

बाईंना रडू फुटतं, रागाचं. "मेल्यावरसुद्धा? अहो, मेल्यावरसुद्धा तुम्हाला डॅशबोर्डच दिसतो?"

दिगंबरराव फडकं पिळतात. पुन्हा डॅशबोर्डवर पसरतात.

"काकू! ओ काकू!"

नासीर खिडकीशी उभा आहे. बाई ड्रायव्हरच्याच सीटवर, पाठ घामानं भिजलेली. गुडघ्यावर, निळ्या पातळावर, पांढरी आडवी रेघ. त्या बोट फिरवतात. बोटाला भुकटी लागते.

"ठरलं का मग?"

"मधोमध काप."

मिस्त्री घुटमळतो. हत्यार हातात घेतो, परत ठेवतो. "साहेबांना आवडलं नसतं हो, काकू."

"नाहीच आवडलं," मंदाबाई म्हणतात. "तू काप."